थर्ड ओनर



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू आयटीतली, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर हल्ली सगळेच बोलतात, मी गेले चार महिने ज्यात बुडालेय त्याबद्दल बोलू का? "कशाबद्दल?" "एका जुन्या पोलोबद्दल." पलीकडे जरा शांतता झाली. मग म्हणाले, "बोल, पण भांडवल मागू नकोस."

तेव्हा आज मी गाडीबद्दल बोलणार आहे. इथे तो विषय कुणाला परका नाही. आपल्यापैकी किती जणांच्या दोरीवर कुठल्या ना कुठल्या कंपनीचा गणवेश वाळत असतो! आपण शाळेत असताना चाकण म्हणजे कांद्याचा बाजार, संग्रामदुर्गाची पडकी तटबंदी आणि नाशिक रस्त्यावरची एसटी. महाळुंगे-निघोजेकडच्या माळावर काय होतं ते तिकडून शाळेत चालत येणाऱ्यांना विचारा. त्याच बाजूला ३१ मार्च २००९ रोजी फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे पोलो तयार व्हायला लागली. २०१३ साली तिचा जीटी टीएसआय हा वेगवान अवतार आला. इंजिन फक्त १.२ लिटरचं, पण टर्बो लावलेलं. १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शून्यापासून शंभरचा वेग ९.७ सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता. त्या वेळी आपल्या बजेटातल्या छोट्या गाडीला हे फार होतं. २०२२ मध्ये पोलो बंद झाली आणि तेव्हापासून पोरं जुन्या गाड्या शोधत फिरतात.

त्यातलाच एक माझा भाचा. वय तेवीस, डिप्लोमा मेकॅनिकल, इथल्याच एका पुरवठादार कंपनीत कामाला. त्याने २०१४ ची जीटी टीएसआय घेतली. आरसी बुकावर तो थर्ड ओनर. विकणारा म्हणाला होता, "गाडी एकदम स्टॉक आहे, कुणी हात लावलेला नाही." हे वाक्य जुन्या गाडीच्या बाजारात "मुलगी घरकामात निपुण आहे" या वाक्याइतकंच विश्वासार्ह असतं.

गाडीची तक्रार विचित्र होती. सकाळी थंडीत अशी पळायची की पाठ सीटला चिकटावी. दुपारी तळेगाव चौकात अर्धा तास अडकून सुटली की तीच गाडी जड व्हायची, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की बॉनेटमधून पत्र्याच्या डब्यात चणे हलवल्यासारखा आवाज. तीन गॅरेजांनी तीन उत्तरं दिली. एकाने पेट्रोलला दोष दिला, एकाने गिअरबॉक्सला. तिसरा म्हणाला, गाडी विकून टाक.

दादाला तिसरं पटलं. मंचरचा एक गिऱ्हाईकही मिळाला होता, बायको-मुलांसाठी पहिलीच चारचाकी घेणारा. सकाळी लवकर दाखवायची म्हणजे झालं. भाचा त्या रात्री माझ्याकडे आला. म्हणाला, "आत्या, सकाळी दाखवली तर ती विकली जाईल. पण आत काय आहे ते मलाच माहीत नाही. तू कॉम्प्युटर इंजिनिअर ना, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये काय लिहिलंय ते वाचता येईल का?"

माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आणि नोकरीतली वीस वर्षं दुसऱ्याने लिहून सोडून दिलेले प्रोग्रॅम वाचण्यात गेली. त्यामुळे हा प्रश्न मला फारच ओळखीचा वाटला. कुणीतरी काहीतरी बदललंय, त्याने लिहून ठेवलेलं नाही, तो आता सापडत नाही, आणि सिस्टिम फक्त दुपारी कोसळते. आमच्या क्षेत्रात याला सोमवार म्हणतात.

आता थोडं विज्ञान. सर समोर बसलेत, चुकलं तर थांबवा. इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू. त्यात शेकडो तक्ते असतात, आपल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखे. आडवे इंजिनाचे फेरे, उभा भार, आणि चौकटीत उत्तर: ठिणगी किती अंश आधी टाकायची, टर्बोने हवा किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचं. दोन चौकटींच्या मधली स्थिती आली तर तो मधलं उत्तर काढतो. "रीमॅप" करणारा माणूस या चौकटींतले आकडे बदलतो. टर्बो गाडीत नुसते आकडे बदलून ताकद वाढते, कारण जास्त हवा दाबायला सांगितलं की टर्बो दाबतो. नट-बोल्ट न हलवता झालेला बदल. म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

जास्त दाब, जास्त उष्णता. मर्यादा ओलांडली की ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. तेच ते चणे. त्याला नॉकिंग म्हणतात. इंजिनाच्या ब्लॉकवर एक सेन्सर बसवलेला असतो. तो हा आवाज ऐकतो आणि ईसीयू ठिणगी थोडी उशिरा टाकतो. आवाज थांबतो, ताकद जाते. सतत असं होत राहिलं तर पिस्टनची कड झिजते, आणि एके दिवशी महामार्गावर, गाडीत चार माणसं असताना, सगळंच थांबतं. मंचरच्या त्या कुटुंबाचा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता तो यामुळे.

आम्ही आधी प्लग काढले. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ, वैद्य पाहतो तशी पाहायची. पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे कंपनीने सांगितलेल्यापेक्षा "थंड" जातीचे प्लग कुणीतरी घातले होते. ही जात आकड्यावरून कळते, आणि गंमत अशी की एनजीकेचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, बॉशचं बरोबर उलटं. ज्याने हे प्लग निवडले त्याला काय करतोय ते माहीत होतं. वाढीव ताकदीसाठीच ते घालतात. म्हणजे "स्टॉक" हा शब्द पहिल्या तासातच गेला. दुसरी गोष्ट तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर. पांढऱ्या चिनीमातीवर भिंगाखाली बारीक चमकदार ठिपके. ते ॲल्युमिनियम असतं. इंजिनात ते येणार कुठून? पिस्टनवरून.

भाच्याचा चेहरा उतरला. मी त्याला चहा करायला पाठवलं.

मग वायर जोडली. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडीचं. पंधराशे-दोन हजारांची वायर लावून लॅपटॉपवर वाचता येतं. ईसीयू विचारल्यावर आपल्या सॉफ्टवेअरचं नाव सांगतो आणि त्यासोबत एक पडताळणी आकडा देतो. आत एक चौकटही बदलली तर हा आकडा बदलतो. नाव तेच ठेवून आतलं बदलणारे पुष्कळ असतात. आपल्याच बॅचमधल्या एकाकडे त्याच सालची, खरोखर कुणी हात न लावलेली जीटी आहे. (तो हात वर करतोय. धन्यवाद रे.) त्याच्या गाडीत नाव तेच, आकडा वेगळा. इतकं सोपं होतं. जुनी टर्बो गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने पैसे देण्याआधी हे दहा मिनिटांचं काम करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्या बनवाबनवी यात पकडल्या जातात असं नाही, हुशार माणूस हा आकडाही खोटा दाखवू शकतो, पण बहुतेक जण तितके कष्ट घेत नाहीत.

दोन्ही गाड्यांच्या फाईल वाचून घेतल्या. आमच्याच गाडीचा ईसीयू त्यासाठी काढून टेबलावर जोडावा लागला, ते एका जाणकाराने करून दिलं. आणि मग मी माझ्या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात आवडतं काम केलं: दोन फाईल शेजारी ठेवून फरक काढला. बदल ठरावीक ठिकाणी होते. दाबाची मागणी वाढवलेली, टॉर्कची मर्यादा उचललेली, ठिणगी थोडी आधी. खरं सांगू का, हे काम वाईट नव्हतं. आकडे हळूहळू चढत गेलेले, कुठे खड्डा नाही, हात समंजस होता. कोण असेल माहीत नाही, पण त्याच्या कामाबद्दल मला थोडा आदर वाटला.

तो आदर एका जागी संपला. दोष-संकेतांचा, म्हणजे डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लावणाऱ्या तपासण्यांचा, एक अख्खा पट्टा शून्य करून ठेवला होता. त्यातला एक संकेत मी ओळखला: पी०४२०, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही हे सांगणारा. जॅकवर गाडी उचलली. कन्व्हर्टरच्या जागी सरळ नळी. मागचा ऑक्सिजन सेन्सर पुढच्याच्या तालावर वरखाली नाचत होता, मध्ये कन्व्हर्टर असता तर तो शांत राहिला असता. म्हणजे सायलेन्सरमधून कन्व्हर्टर काढला आणि दिवा लागू नये म्हणून दिव्याची तपासणीच बंद केली. ते करताना शेजारच्या वीसेक तपासण्याही सोबत गेल्या. घरातला एक बल्ब नको म्हणून मेन स्विच पाडावा तसं.

तरीही कोडं सुटलं नव्हतं. हा रीमॅप इतका समंजस होता की त्याने चणे वाजायला नको होते. गॅरेजवाल्यांचं पेट्रोलचं बोलणंही मी तपासलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल जाळायला हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, एक किलो इथेनॉलला ९ किलो. त्यामुळे ईसीयूला इंधन थोडं जास्त सोडावं लागतं, आणि लॉगमध्ये तो ते सोडतही होता. पण सकाळी आणि दुपारी सारखंच. शिवाय इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, नॉकिंग उलट कमी व्हायला हवं. जुन्या गाडीच्या रबरी भागांवर इथेनॉल काय करतं हा वेगळा प्रश्न आहे, पण या गुन्ह्यात ते नव्हतं.

मग आम्ही भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये डायनोवर, म्हणजे रोलरवर, गाडी चढवली. रस्त्यावर असले प्रयोग करू नयेत. इंजिन जोरात चालवून मी सगळ्या सेन्सरचे आकडे नोंदवले. आता नीट ऐका, ही माझी आवडती जागा आहे.

या इंजिनात हवेचा दाब मोजणारे दोन सेन्सर असतात. एक टर्बोनंतर, थ्रॉटलच्या झडपेच्या अलीकडे. दुसरा झडपेच्या पलीकडे, इंजिनाच्या तोंडाशी. गाडी बंद ठेवून नुसती चावी फिरवली की दोघांनी बाहेरच्या हवेचा दाब सांगायचा. चाकण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून वर, त्यामुळे दोघांनीही ९४० मिलिबारच्या आसपास सांगितलं. चांगले साक्षीदार. पण झडप पूर्ण उघडून इंजिन जोरात चालवलं तेव्हा अलीकडचा म्हणाला १६५०, पलीकडचा म्हणाला १८५०.

सर, आठवीत तुम्ही दोन बाटल्या नळीने जोडून दाखवल्या होत्या. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. इथे हवा अलीकडून पलीकडे चाललीय, आणि पलीकडे दाब जास्त? हे होऊच शकत नाही. दोघांपैकी एक खोटं बोलत होता, आणि फक्त जोरात असताना खोटं बोलत होता. सेन्सर बिघडला असता तर चावी फिरवल्यावरही चुकला असता. असं निवडून खोटं बोलायला कुणीतरी शिकवावं लागतं.

अलीकडच्या सेन्सरची वायर हाताने चाचपत गेलो. बॅटरीच्या मागे, जाड काळ्या जाळीत गुंडाळलेली, काडेपेटीएवढी डबी. बाजारात या ट्यूनिंग बॉक्स म्हणून मिळतात. दाब वाढला की ती ईसीयूला खरा आकडा कमी करून सांगते. ईसीयूला वाटतं दाब पुरेसा नाही, तो टर्बोला आणखी दाबायला लावतो. एरवी दोन सेन्सरमधली ही तफावत ईसीयूने स्वतःच पकडली असती आणि दिवा लावला असता. पण ती तपासणी त्या शून्य केलेल्या पट्ट्यात होती.

म्हणजे दोन बदल, एकावर एक. रीमॅपने दाब वाढवला होता, डबीने त्याच्यावर आणखी. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही.

पण हाताशी रीमॅप केलेली गाडी असताना कुणी डबी का लावेल? याचं उत्तर दुपारच्या तापमानात होतं. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती थंड करायला इंटरकूलर असतो. या इंजिनात तो पुढच्या जाळीमागे नसतो, इंजिनाच्या इनटेकमध्येच बसवलेला असतो आणि पाण्यावर चालतो. ते पाणी फिरवायला एक छोटा विजेचा पंप आहे. बाहेर ३४ अंश असताना इंजिनात जाणारी हवा ७८ अंशांवर पोचत होती. पंपाला हात लावला, ढिम्म. त्याची वायर तुटलेली होती आणि तुटलेली टोकं काळ्या टेपने नीट गुंडाळून ठेवलेली. सायलेन्सरचं काम करताना कुणाच्या तरी पान्याखाली आली असावी. पंप बंद असल्याचा संकेत? तोही त्याच शून्य पट्ट्यात.

सगळं जुळलं. क्रम मी पुराव्यांवरून लावलाय, पाहिलेला नाही: पहिल्या मालकाने रीमॅप करून घेतला, कन्व्हर्टर काढला, त्या कामात पंपाची वायर गेली आणि दिवा लागला नाही. गाडी हळूहळू मंद वाटायला लागली. दुसऱ्या मालकाने ती तशी घेतली, त्याला वाटलं ताकद कमी आहे, त्याने डबी लावली. ताप आलेल्या माणसाला पळायला लावलं. तिसरा मालक माझा भाचा.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात सांगते. डबी काढली. वायर जोडली, पंप फिरला, पाण्यातली हवा काढली. योग्य जातीचे प्लग घातले. कन्व्हर्टर नवा बसवला, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, किमतीवरून खात्री पटते. भाच्याने तीन महिने ओव्हरटाइम केला. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेकच्या व्हॉल्व्हना पेट्रोलची आंघोळ मिळत नाही आणि त्यांच्यावर काजळीचे थर बसतात. ते अक्रोडाच्या कवचाची भुकटी मारून साफ केले. हो, अक्रोडाच्याच. आणि ईसीयूमध्ये कंपनीची मूळ फाईल परत घातली, सगळ्या तपासण्या चालू करून.

मग पुन्हा डायनो. आधीच्या अवस्थेत पहिल्या फेरीला गाडीने भरपूर ताकद दाखवली होती आणि तिसऱ्या फेरीला, तापल्यावर, ती कंपनीच्या आकड्याच्याही खाली गेली होती. आता तिन्ही फेऱ्या जवळजवळ सारख्या, आणि आत जाणारी हवा ४७ अंशांवर. भाचा म्हणाला, "आत्या, आता पंप चालतोय तर तो पहिला रीमॅप परत टाकूया की, तू म्हणालीस चांगला होता." तसा तो मोहात पाडणारा विचार आहे, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्या सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून पाहिलं, पिस्टनच्या कडेला बारीक खड्डे आहेत. कॉम्प्रेशन चालण्यापुरतं ठीक, बाकी तिघांपेक्षा थोडं कमी. या पिस्टनवर मी कुणाचाही रीमॅप टाकू देणार नाही.

मंचरच्या गिऱ्हाइकाचं काय झालं विचाराल. घरात त्यावरून दोन रात्री वाद झाला. दादाचं म्हणणं, आम्हाला कुणी सांगितलं होतं का? रास्त आहे, पैसे त्याचेही अडकलेत. मी कायद्याचा आधार घेतला: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत बदल केलेल्या गाड्यांबाबत हेच म्हटलं, आणि कन्व्हर्टर काढणं तर प्रदूषणाच्या नियमांत बसतच नाही. दादावर कायद्याचा काही परिणाम झाला नाही. परिणाम झाला वहिनीच्या एका प्रश्नाचा. तिने विचारलं, "त्यांची मुलं केवढी आहेत?"

भाच्याने फुलस्केप कागदावर सगळं लिहिलं. काय सापडलं, काय काढलं, काय बसवलं, किती किलोमीटरला, तिसऱ्या पिस्टनचा फोटो चिकटवून. तो कागद मंचरला पाठवला. त्यांनी गाडी घेतली नाही. फोनवर म्हणाले, गाडी नको, पण दुसरी एक पाहिलीय, ती बघायला तुमच्या आत्याबाई येतील का? गेल्या रविवारी जाऊन आले. त्या गाडीचा पडताळणी आकडा जुळला.

पोलो भाच्याकडेच आहे, कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो. आज तिनेच मी आले, बाहेर वडाखाली उभी आहे. दर पाच हजार किलोमीटरला आम्ही तिसरा प्लग काढून भिंगाखाली बघतो. पहिल्या खेपेला ठिपके नव्हते.

एक गोष्ट मात्र राहिलीय. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वेगळा असतो, आणि या सात गिअरच्या कोरड्या क्लचची टॉर्क झेलण्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. आंबेठाण चौकात रांगत जाताना आमची गाडी अजून किंचित थरथरते. तिथेही कुणी हात मारलाय का ते पाहायचंय, पण मघाशी हात वर केलेल्या आपल्या मित्राच्या गाडीतलं गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर वेगळ्या आवृत्तीचं निघालं. तेव्हा २०१४ ची दुसरी जीटी टीएसआय कुणाकडे, कुणाच्या मेव्हण्याकडे किंवा शेजाऱ्याकडे असेल, तर जेवणानंतर मला भेटा. वायर पर्समध्येच आहे, दहा मिनिटं लागतील.